वीज प्रकल्पाच्या गरम पाण्यात मासे गोळा होतात, मग नुकसान नक्की कसलं?

पाणवठा
नमस्कार मंडळी. पर्यावरणाच्या पेपरसाठी वीज प्रकल्पांतून सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्यावर टिपण लिहायचंय आणि वाचून वाचून गोंधळ वाढलाय म्हणून इथे विचारतेय. पुस्तकात 'औष्णिक प्रदूषण' या मथळ्याखाली दोन परिच्छेद असतात, ऑक्सिजन कमी होतो, मासे मरतात, संपलं. आणि दुसरीकडे गळ टाकणारे लोक छातीठोकपणे सांगतात की थंडीत सगळ्यात जास्त मासे प्रकल्पाच्या आउटलेटपाशीच, म्हणजे गरम पाणी बाहेर पडतं तिथेच, मिळतात, फोटोही टाकतात. पाणी इतकं वाईट असेल तर मासे तिथे येतील कशाला?

दुसरं म्हणजे सात, आठ, दहा डिग्रीचा फरक. उन्हाळा आणि हिवाळा यांच्यात नदीच्या पाण्यात एवढा फरक तसाही पडतोच की. मग तेवढीच उष्णता प्रकल्पातून आली तर वेगळं काय होतं? मला बाजूने किंवा विरोधात बोलायचं नाहीये, नेमकं काय बिघडतं आणि कुणाचं बिघडतं ते समजून घ्यायचंय. पाणी किती असतं, किती तापतं, कुठपर्यंत पसरतं, जमेल तिथे आकड्यांसकट सांगा प्लीज.

टर्बाइन_हॉल
जीवशास्त्राचं इथले जाणकार सांगतीलच, मी फक्त उष्णतेचा हिशोब मांडतो कारण तो डोळ्यासमोर नसला की बाकीचं सगळं हवेत राहतं.

कोळसा असो वा अणु, वाफ करायची, तिने टर्बाइन फिरवायचं आणि मग त्या वाफेचं परत पाणी करायचं. हे पाणी करण्याचं काम कंडेन्सरमध्ये होतं. हजारो नळ्या, नळ्यांच्या आतून बाहेरचं थंड पाणी, वरून वाफ. दोन पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे अणुप्रकल्पाचं गरम पाणी म्हणजे किरणोत्सारी पाणी असं समीकरण करू नका, तो वेगळा विषय आहे.

आता अणुप्रकल्पाची कार्यक्षमता साधारण ३३ टक्के. म्हणजे १००० मेगावॉट वीज हवी तर ३००० मेगावॉट उष्णता तयार करायची आणि उरलेली २००० मेगावॉट कुठेतरी टाकायची. कोळशाच्या प्रकल्पात थोडी उष्णता चिमणीतून जाते आणि कार्यक्षमताही जरा जास्त असते, त्यामुळे पाण्यात जाणारा वाटा कमी, पण तोही हजार-तेराशे मेगावॉट धरा. ही २००० मेगावॉट उष्णता पाण्यातून काढायची आणि पाणी १० अंशांपेक्षा जास्त तापू द्यायचं नाही असं ठरवलं तर सेकंदाला साधारण ४८ घनमीटर पाणी लागतं. ऑलिम्पिकचा पोहण्याचा तलाव मिनिटाच्या आत भरेल एवढं, आणि ते रात्रंदिवस.

एकदा पाणी घ्यायचं, कंडेन्सरमधून फिरवायचं आणि गरम करून परत सोडायचं याला वन्स थ्रू पद्धत म्हणतात. तुमचा प्रश्न मुख्यतः या पद्धतीबद्दल आहे. कूलिंग टॉवर असेल तर तेच पाणी फिरवून वापरतात, उष्णता बाष्पीभवनातून हवेत जाते, नदीत जाणारं पाणी एकदम थोडं. पण त्यात १००० मेगावॉटमागे ताशी दोन-अडीच हजार घनमीटर पाणी उडून जातं ते परत येत नाही. आणि जे थोडं बाहेर सोडतात त्यात क्षार साठलेले असतात.

अजून एक खाचखळगा सांगून ठेवतो. पाणी कमी तापवायचं असेल तर जास्त पाणी उपसावं लागतं. ५ अंशच वाढ हवी म्हटलं की ४८ चे ९६ घनमीटर झाले. कागदावर तापमानाचा आकडा छान दिसतो पण पंपातून दुप्पट पाणी जातं आणि त्या पाण्यात जे काही जिवंत आहे तेही दुप्पट जातं. हे कुणी लिहीत नाही.

शिंपला
टर्बाइन_हॉल यांनी शेवटी लिहिलंय ते फार महत्त्वाचं आहे, त्याकडे परत येते. आधी पाणवठाताईंचा उन्हाळा-हिवाळ्याचा मुद्दा घेते कारण सगळ्यांना हाच प्रश्न पडतो.

ऋतू बदलतो तेव्हा पाणी आठवड्या-आठवड्यानं तापतं. माशाचं शरीर त्याच्याबरोबर सरकतं, पेशींची आवरणं, एन्झाइम, सगळं हळूहळू नव्या तापमानाला जुळतं, आणि माशाची सहनशक्तीची वरची मर्यादासुद्धा थोडी वर जाते. आउटलेटच्या तोंडाशी हाच फरक काही मीटर अंतरात आणि काही मिनिटांत पडतो. दुसरी गोष्ट, ऋतूचा उन्हाळा संपतो, आउटलेटचा संपत नाही. आणि तिसरी सगळ्यात मोठी, ही वाढ उन्हाळ्याच्या वर चढते. पाणी १२ अंशांवर असताना १० वाढले तर २२, ते बऱ्याच जिवांना मानवतं, पण उष्ण प्रदेशात पाणी आधीच ३० वर असतं तिथे ७ वाढले की ३७. उष्ण प्रदेशातले बरेच समुद्री जीव मुळातच आपल्या वरच्या मर्यादेला खेटून जगत असतात, त्यांच्याकडे खेळायला जागाच नसते. प्रवाळ तर नेहमीच्या उन्हाळी कमालीपेक्षा एखादा अंश जास्त काही आठवडे टिकला तरी पांढरे पडायला लागतात. तैवानच्या दक्षिण टोकाला नानवान उपसागरात मानशान अणुप्रकल्प आहे (तो २०२५ मध्ये बंद झाला), तिथे १९८० च्या दशकात आउटलेटजवळच्या उथळ पाण्यातले प्रवाळ असेच पांढरे पडले होते.

ऑक्सिजनचं पुस्तकात असतं ते खरंच आहे पण अर्धंच. गोड्या पाण्यात २० अंशांना जास्तीत जास्त ९.१ मिलीग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन विरघळतो, ३० ला ७.६, ३५ ला ७ च्या आसपास. नुसतं हे बघितलं तर वाटेल ७ पुष्कळ झाला की, बहुतेक माशांना ५ पुरतो. पण त्याच वेळी माशाची गरज वाढत असते! थंड रक्ताच्या प्राण्यांचा चयापचय साधारण १० अंशांमागे दुप्पट होतो. म्हणजे २० वरून ३० अंशांवर गेलं की पुरवठा सोळा-सतरा टक्क्यांनी घटला आणि मागणी दुप्पट झाली. त्यात पाण्यात सांडपाणी असेल तर ते कुजवणारे जिवाणूही उष्णतेनं जोरात काम करतात आणि तेही ऑक्सिजनच खातात. त्यामुळे स्वच्छ वाहत्या पाण्यात जे तापमान खपून जातं तेच घाण साचलेल्या खाडीत मासे मारतं. तापमानाचा एकटा आकडा घेऊन कुणी भांडायला लागलं की मी आधी विचारते, पाणी कुठलं, किती खोल, त्यात आधीच काय आहे.

कुणाचं बिघडतं विचारलंत. पोहू शकणारा मोठा मासा निघून जातो, त्याचं बहुतेक वेळा काही होत नाही. बिघडतं ते ज्यांना हलता येत नाही त्यांचं. शिंपले, कालवं, नळीतले किडे, सागरी गवत, खडकावरची शैवालं, आणि अंडी. फ्लोरिडात टर्की पॉइंट प्रकल्पाचं गरम पाणी सुरुवातीला बिस्केन उपसागरात जायचं. तो उपसागर उथळ, त्यामुळे गरम पाणी थेट तळाला टेकलं आणि आउटलेटसमोरचं सागरी गवत मेलं. आता गवत गेलं म्हणजे नुसतं गवत गेलं नाही, त्यात लपणारी कोळंबीची आणि माशांची पिल्लं गेली, गाळ धरून ठेवणारी मुळं गेली, पाणी गढूळ झालं, आणि गढूळ पाण्यात परत गवत उगवायला प्रकाश मिळेना. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रकल्पाला स्वतःचे थंड करण्याचे कालवे खणावे लागले, सगळे मिळून २७० किलोमीटर लांबीचे.

आणि जे मरत नाहीत त्यांचंही बघा. तैवानमध्येच उत्तरेला कुओशेंग प्रकल्पाच्या आउटलेटपाशी १९९३ मध्ये कण्याला बाक आलेले, डोळे बाहेर आलेले मासे सापडले. लोकांना आधी किरणोत्साराची भीती वाटली आणि ते साहजिकच होतं. तपासात कारण निघालं उष्णता. पिल्लं ३७ अंशांच्या वरच्या पाण्यात वाढत होती, त्या तापमानात त्यांच्या शरीरात सी जीवनसत्त्व कमी पडत होतं आणि त्यामुळे कण्याची जडणघडणच बिघडत होती. मेलेले मासे मोजले असते तर हे कधीच सापडलं नसतं.

उष्मांक
शिंपला यांच्या माहितीबद्दल आदर आहे पण चित्र एकाच बाजूनं रंगायला नको म्हणून लिहितो.

गरम पाणी हलकं असतं, ते वर तरंगतं. उघड्या समुद्रकिनाऱ्यावर जिथे लाटा आणि भरती-ओहोटी जोरात आहे तिथे हा गरम पट्टा वरच्या एक-दोन मीटरमध्ये राहतो, झपाट्यानं मिसळतो आणि हवेला उष्णता देत विरतो. खोल पाण्यात तळाला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यामुळे प्रत्येक प्रकल्पाला टर्की पॉइंटच्या मापानं मोजणं बरोबर नाही.

आणि त्याच टर्की पॉइंटच्या कालव्यांत १९७८ पासून अमेरिकन मगरी अंडी घालतायत, जी जात तेव्हा नामशेष व्हायच्या यादीत होती. स्वीडनमध्ये फोर्समार्क अणुप्रकल्पाचं गरम पाणी मुद्दाम बांधलेल्या एका बंदिस्त तलावात सोडून त्यावर अनेक वर्षं अभ्यास चालू आहे, बायोटेस्ट तलाव म्हणतात त्याला, १९७७ साली बांधलेला, साधारण एक चौरस किलोमीटरचा. आजूबाजूच्या बाल्टिक समुद्रापेक्षा पाणी आठ-दहा अंश गरम. तिथे पर्च मासे बाहेरच्यांपेक्षा भराभर वाढतात. थंड प्रदेशात गरम पाणी म्हणजे वाढीचा हंगाम लांबतो, खाणं जास्त, वाढ जास्त. काही ठिकाणी तर प्रकल्पाच्या गरम पाण्यावर मत्स्यशेतीही करतात.

कोळसा जाळून सगळ्या जगाचं पाणी तापवण्यापेक्षा अणुप्रकल्पासमोरचा थोडा पट्टा गरम झाला तर ते परवडतं असं माझं स्पष्ट मत आहे.

शिंपला
उष्मांक, पट्टा तरंगतो हे अगदी बरोबर आणि उघड्या किनाऱ्याबद्दल मी तुमच्याशी सहमत आहे. म्हणूनच पाणी कुठलं हे आधी विचारा म्हणते. फक्त एक भर, समुद्राचं पाणी कूलिंग टॉवरमध्ये फिरवून सोडलं तर ते जास्त खारट आणि म्हणून जड असतं, ते गरम असूनही तळाकडे जाऊ शकतं. तरंगतंच असं गृहीत धरू नका.

फोर्समार्कचं मात्र अर्धंच सांगितलंत. पर्च भराभर वाढतात हो, पण तिथल्या आणि तशाच इतर गरम पाण्यातल्या पर्च, रोच, पाइक यांच्या माद्या तपासल्या तेव्हा बीजांडांच्या वाढीत बिघाड सापडले. कारण या माशांना थंडी लागते. उत्तर अमेरिकेतल्या पिवळ्या पर्चचं उदाहरण घ्या, मादीला काही महिने १० अंशांखालचं पाणी मिळालं नाही तर अंडी नीट पिकतच नाहीत. म्हणजे मासा मोठा, तगडा, गळाला लागला तर फोटो काढावा असा, आणि पुढची पिढी अर्धवट. मला यातलं सगळ्यात अस्वस्थ करणारं हेच वाटतं की माशाचा आकार आणि संख्या बघून सगळं उत्तम आहे असं वाटू शकतं.

विणीच्या वेळेचंही तसंच. पुष्कळ मासे पाण्याच्या तापमानावरून अंडी घालायची वेळ ठरवतात. गरम पट्ट्यात ती वेळ आधी येते, पिल्लं लवकर बाहेर पडतात, पण त्यांना जे प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, खायचं असतं त्याचा बहर दिवसाच्या लांबीवर म्हणजे उजेडावरही अवलंबून असतो, तो काही प्रकल्पासाठी लवकर येत नाही. पिल्लांकडे पिवळ्या बलकाची शिदोरी काही दिवसांचीच असते. त्या दिवसांत खाणं नाही मिळालं तर संपलं.

आणि आता टर्बाइन_हॉल यांनी काढलेला मुद्दा. माझ्या मते बऱ्याच प्रकल्पांत आउटलेटपेक्षा मोठं नुकसान इनटेकला, म्हणजे पाणी आत ओढतात तिथे होतं. सेकंदाला ४८ घनमीटर पाणी ओढलं जातं, जाळीवर मोठे मासे चिकटतात ते दिसतात तरी, पण अंडी, कोळंबीच्या आणि खेकड्यांच्या डिंभ अवस्था (अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं), माशांची केसाएवढी पिल्लं जाळीतून आत जातात. पंपाचा मार, मग काही मिनिटांत १० अंशांचा झटका, आणि वर क्लोरीन, कारण नळ्यांत शिंपले आणि शेवाळ धरू नये म्हणून क्लोरीन सोडावाच लागतो. उष्णता आणि क्लोरीन एकत्र आले की दोघांचाही मारा वाढतो, उष्णतेनं श्वास जलद होतो, कल्ल्यांवरून जास्त पाणी जातं, म्हणजे अंगात जास्त क्लोरीन जातो. हे जीव पलीकडे बाहेर पडतात तेव्हा पाण्यासारखेच दिसतात, कुणाला काही कळत नाही.

मगरींबद्दल आनंदच आहे. पण त्याच कालव्यांचं पाणी तापून, आटून अतिखारट झालं आणि ते जमिनीखालच्या गोड्या पाण्यात पसरलं हेही तिथलंच आहे. २०१४ मध्ये तर कालवे इतके तापले की आत घ्यायच्या पाण्याची कमाल मर्यादा १०० फॅरनहाइटवरून १०४ करून घ्यावी लागली, म्हणजे ४० अंश सेल्सिअस.

पाणवठा
बाप रे, बीजांडांचं हे कुठेच वाचलं नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार. पण मासे गोळा होतात त्याचं उत्तर अजून पूर्ण मिळालं नाही असं वाटतंय. थंडीत त्यांना ऊब हवी म्हणून येतात हे कळलं, मग थंडीपुरतं तरी ते त्यांच्या भल्याचंच नाही का? आणि फ्लोरिडातले मॅनटी (समुद्रगाई) हिवाळ्यात प्रकल्पांच्या गरम पाण्यावर तग धरतात असं वाचलं होतं, ते खरं आहे का?

दर्याकाठी
थंडीवाल्या भागाबद्दल मी लिहितो, याच्यावर बरंच वाचन केलंय.

मासे आपल्या आवडीचं तापमान शोधत फिरतात. थंडीत आउटलेटपाशी ते तापमान मिळतं म्हणून गर्दी होते. पण गर्दी झाली म्हणजे जागा चांगली असं नाही, गर्दीत खाणं पुरत नाही, रोग आणि परजीवी पटापट पसरतात, शिकारी मासे आणि गळवालेही तिथेच येतात. आणि तिथे राहून माशाचं शरीर गरम पाण्याला जुळतं, इथेच सापळा आहे.

प्रकल्प बंद पडला की काय होतं? दुरुस्तीसाठी म्हणा, बिघाड म्हणा, रिअॅक्टर थांबला की कंडेन्सरमध्ये उष्णता येणं जवळपास थांबतं. पंप चालूच असतील तर आउटलेटचं पाणी थोड्याच वेळात आजूबाजूच्या गारठलेल्या पाण्याइतकं होतं. १५ अंशांना सरावलेल्या माशावर एकाएकी ३-४ अंशांचं पाणी येतं. त्याला कोल्ड शॉक म्हणतात. मासा तोल घालवतो, बाजूवर कलंडतो, हालचाल बंद, मरतो. न्यू जर्सीतल्या ऑयस्टर क्रीक अणुप्रकल्पात जानेवारी १९७२ मध्ये असं झालं. मेनहेडन नावाचे मासे एरवी थंडीत दक्षिणेकडे निघून जातात, ते प्रकल्पाच्या उबेला थांबले होते आणि प्रकल्प बंद होताच मोठ्या संख्येनं मेले. लक्षात घ्या, उष्णतेनं नाही मेले, उष्णता गेली म्हणून मेले. जायला हवे होते तेव्हा गेले नाहीत हे खरं कारण.

मॅनटीचं खरं आहे. पाणी २० अंशांखाली गेलं की त्यांना थंडी बाधते, आजारी पडतात, मरतात. पूर्वी ते नैसर्गिक उबदार झऱ्यांत आणि आणखी दक्षिणेच्या पाण्यात जायचे. आता फ्लोरिडातल्या निम्म्याहून जास्त मॅनटी हिवाळ्यात प्रकल्पांच्या गरम पाण्यावर विसंबून आहेत, टॅम्पाजवळच्या बिग बेंड प्रकल्पापाशी तर त्यांना बघायला खास केंद्र आहे. दिसायला फार सुंदर, आणि त्यांच्यासाठी तो पट्टा आज जीव वाचवणाराच आहे, ते नाकारत नाही. पण ते प्रकल्प जुने होतायत, कधीतरी बंद होणार, आणि आईच्या मागे मागे येऊन पिल्लू ज्या जागा शिकतं त्या जागा म्हणजे हेच आउटलेट आहेत. झऱ्यांची वाट ज्यांना कुणी दाखवलीच नाही त्या पिढीचं काय, हा तिथल्या वन्यजीव खात्यांपुढचा खराखुरा प्रश्न आहे.

अजून एक कमी माहितीतली गोष्ट. थंड पाण्यात हवा जास्त विरघळलेली असते. ते कंडेन्सरमध्ये एकदम तापलं की तीच हवा त्या पाण्याला जास्त होते, नायट्रोजन अतिसंपृक्त होतो आणि माशाच्या रक्तात, डोळ्यांत, कल्ल्यांत बुडबुडे धरतात. मॅसॅच्युसेट्सच्या पिलग्रिम प्रकल्पापाशी १९७३ मध्ये मेनहेडन असेच मेले. म्हणजे तिथे विरघळलेला वायू कमी नाही, जास्त झाला होता, आणि नुसतं ऑक्सिजन मीटर घेऊन गेलेल्या माणसाला पाणी ठणठणीत वाटलं असतं.

टर्बाइन_हॉल
नियमांचं राहिलं होतं, ते सांगतो. अमेरिकेत १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्यात कलम ३१६ आहे, त्याचा अ भाग गरम पाणी सोडण्याबद्दल आणि ब भाग पाणी ओढण्याच्या जागेबद्दल. म्हणजे इनटेकचा विचार कायद्यात तेव्हापासून आहे. कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये किनाऱ्यावरच्या प्रकल्पांची वन्स थ्रू पद्धत टप्प्याटप्प्यानं बंद करायचं धोरण आणलं. भारतात १ जून १९९९ नंतर सुरू झालेल्या औष्णिक प्रकल्पांना नदी, तलाव, जलाशयाचं पाणी वापरायचं तर कूलिंग टॉवर सक्तीचा आहे, समुद्राचं पाणी वापरणाऱ्यांना ज्या पाण्यात सोडतात त्याच्या तापमानातली वाढ ७ अंशांच्या आत ठेवावी लागते, आणि त्याआधीच्या जुन्या प्रकल्पांना त्या नियमांत कंडेन्सरच्या आत-बाहेरचा फरक १० अंशांपर्यंत चालवून घेतला होता. कंडेन्सरच्या पाण्यात मोकळा क्लोरीन ०.५ मिलीग्रॅम प्रति लिटरपेक्षा जास्त नको.

यातला फरक ओळखा. 'किती वाढ' हा एक प्रकारचा नियम आणि 'एकूण किती' हा दुसरा. फ्रान्समध्ये नदीनिहाय कमाल तापमान असतं, गारोन नदीवरच्या गोल्फेश अणुप्रकल्पाला २८ अंशांची मर्यादा आहे, नदी त्याच्या वर गेली की प्रकल्पाला उत्पादन कमी करावं लागतं किंवा थांबावं लागतं. शिंपला यांनी म्हटलं तसं ३० वर ७ म्हणजे ३७, नुसती वाढ मोजणाऱ्या नियमाला ते चालतं पण जिवाला चालत नाही. म्हणून मला दुसऱ्या प्रकारचा नियम जोडीला हवाच वाटतो, इंजिनिअर असूनही.

पण त्यात काय होतं तेही बघा. २००३ च्या युरोपातल्या उष्णतेच्या लाटेत नद्या तापलेल्या, पाणी आटलेलं, विजेची मागणी भरपूर, आणि फ्रान्सने काही प्रकल्पांना मर्यादेपेक्षा गरम पाणी सोडायची तात्पुरती सूट दिली. २०२२ च्या उन्हाळ्यात परत तेच. माशांना सगळ्यात जास्त गरज असते नेमकी तेव्हाच मर्यादा सैल होते.

पाणी आटलं की काय फरक पडतो त्याचा साधा हिशोब टिपणात घाला. नदी सेकंदाला ५०० घनमीटर वाहतेय आणि त्यातलेच ४८ घनमीटर घेऊन १० अंश तापवून परत सोडले, तर पूर्ण मिसळल्यावर सगळी नदी साधारण १ अंशानं तापते. तीच नदी उन्हाळ्यात १०० घनमीटरवर आली तर ४.८ अंश. प्रकल्प तोच, पंप तोच, आउटलेटवरचा थर्मामीटरही तोच आकडा दाखवणार.

उष्मांक
हा १०० घनमीटरचा हिशोब पटला. नदीकाठच्या प्रकल्पांसाठी कूलिंग टॉवरच हवा यात माझ्याकडून वाद नाही. उघड्या समुद्राबाबत मात्र माझं मत तेच आहे, आउटलेट खोल पाण्यात नेऊन डिफ्यूझर बसवला म्हणजे पाइपाला ओळीनं भोकं पाडून पाणी फवाऱ्यासारखं सोडलं की मिसळणं फार लवकर होतं.

शिंपला
डिफ्यूझर चांगलाच, जिथे तळाशी प्रवाळ किंवा गवत नाही तिथे. बांधताना ते तपासलेलं असेल तर माझीही हरकत नाही. इनटेक मात्र तरी राहतोच, तिथे पाणी ओढण्याचा वेग कमी ठेवणं आणि बारीक जाळी हे उपाय आहेत.

पाणवठा
टिपणाचा सांगाडा आता डोक्यात पक्का झालाय. शेवटचं एक विचारते. आम्हाला एका प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल वाचून त्यावर लिहायला सांगितलंय. अहवालात तापमानाचे तक्ते खूप आहेत आणि सगळे मर्यादेच्या आत आहेत. नेमकं काय बघू?

शिंपला
पहिलं बघा की मूळ तापमान म्हणून कुठलं तापमान धरलंय. ते इनटेकला मोजलं असेल आणि आउटलेट तिथून जवळ असेल तर सोडलेलं गरम पाणीच फिरून इनटेकला येत असतं, मग मूळ तापमानच फुगलेलं असतं आणि वाढ कमी दिसते. मूळ तापमान पट्ट्याच्या पार बाहेरचं हवं.

मग मिश्रण क्षेत्र, म्हणजे गरम पाणी आजूबाजूच्या पाण्यात मिसळायला सोडलेली जागा, किती धरलंय ते. नियमातली वाढ कुठे मोजायची, पाइपाच्या तोंडाशी की पाचशे मीटरवर, यावर सगळं फिरतं. ते क्षेत्र खाडीच्या किंवा नदीच्या पूर्ण रुंदीला व्यापतंय का हे नकाशावर स्वतः मोजा, कारण तसं असेल तर विणीसाठी वर जाणाऱ्या माशाला बाजूनं निघायला वाटच राहत नाही.

मोजमाप किती खोलीवर आणि कोणत्या वेळी केलंय? नुसतं पृष्ठभागाचं असेल तर तळाबद्दल तो अहवाल काहीच सांगत नाही. ऑक्सिजन दुपारी मोजला असेल तर शैवालं उन्हात तो तयार करत असतात म्हणून आकडा चांगला येतो, पहाटेचा आकडा मागा, सगळ्यात कमी तेव्हाच असतो. भर ओहोटीला मोजलंय की भरतीला तेही बघा, आणि वर्षातल्या सगळ्यात गरम आणि सगळ्यात कमी पाण्याच्या महिन्यातलं मोजमाप आहे का.

जिवांच्या यादीत फक्त मोठ्या माशांच्या जातींची नावं असतील तर अंडी, डिंभ आणि तळाशी राहणारे जीव कुठे आहेत ते विचारा. इनटेकला आत काय काय ओढलं जातं याचा एकही तक्ता नसेल तर तसं टिपणात स्पष्ट लिहा. प्रकल्प थंडीत बंद करताना भार (वीजनिर्मिती) किती हळू उतरवतात याची माहिती आहे का तेही, दर्याकाठी यांनी सांगितलेला धोका त्यावर ठरतो.

क्लोरीनचं शेवटी सांगते. तो बऱ्याच ठिकाणी दिवसभर सारखा नसतो, मधूनमधून मोठा डोस देतात. डोस कधी देतात ती वेळ आणि नमुना कधी घेतला ती वेळ शेजारी शेजारी ठेवून बघा. नमुना दोन डोसांच्या मधे घेतला असेल तर तक्त्यात क्लोरीनचा रकाना रिकामाच दिसणार.